रुग्णापासून शुभार्थीपर्यंत

मनाच्या आजारातून सावरण्याचा इतिहास आपण बहुधा डॉक्टर, इस्पितळं आणि औषधं यांच्या नावांनी सांगतो. माझ्या शहराचा इतिहासही तसाच सांगतात. १९५४ साली बंगळुरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. १९७४ साली ती आणि म्हैसूर सरकारचं जुनं मनोरुग्णालय एकत्र येऊन निम्हान्स उभी राहिली. पण आजारातून गेलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेल्या हाताचाही एक इतिहास आहे. तो कागदावर कमी आला, म्हणून तो आजकालचा आणि परदेशातून आलेला वाटतो.

तसा तो जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात फिलिप पिनेल हे डॉक्टर होते. तिथल्या वेड्यांच्या विभागाची रोजची व्यवस्था ज्याँ-बाप्तिस्त प्यूसँ पाहत. प्यूसँ स्वतः गंडमाळेच्या आजाराने त्याच इस्पितळात दाखल झाले होते आणि पुढे तिथेच कामाला लागले. बऱ्या होत आलेल्या रुग्णांमधून ते सेवक निवडत, कारण अशी माणसं आजाऱ्यावर हात उगारत नाहीत असा त्यांचा अनुभव होता. नंतर १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. एकमेकांशी बोलत राहिलं तर आजचा दिवस न पिता जातो, एवढंच त्यांना उमगलं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली.

मराठीत हा विचार संस्थेच्या रूपात ठळकपणे दिसला तो पुण्यात. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्दच्या व्यसनावर अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याहून मोठी गोष्ट मला वाटते ती तिथल्या कामाची रीत. उपचार घेऊन सावरलेली माणसं पुढे तिथेच कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. व्यसनाने वाया गेलेली वर्षं हीच त्यांची लायकी ठरली. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण इथे नेमणुकीची अट झाली.

व्यसनाबद्दल चार लोकांत बोलणं कठीण, तर स्किझोफ्रेनियाबद्दल बोलणं त्याहून कठीण. धुळ्याकडचे आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरात पत्नीला हा आजार होता. कॅनडात अशा कुटुंबांच्या संघटना त्यांनी पाहिल्या होत्या. १९९७ साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. २००४चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने झाला. पुण्याच्या स्वमदत गटांत दोन शब्द रुळले: आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. रुग्ण म्हटलं की दुसऱ्यांनी काहीतरी करायचं असतं. शुभार्थी स्वतःचं शुभ स्वतः मागतो. हे शब्द काहींना फार सोवळे वाटतात. मलाही आरंभी वाटले होते.

राजाजीनगर १९४९ पासून कारखान्यांची वसाहत म्हणून वाढलं. माझे वडील बेळगावहून इथे नोकरीला आले. माझा धाकटा भाऊ विशीत आजारी पडला. डॉक्टरांशी तो कन्नडमध्ये आणि इंग्रजीत बोले, पण त्याला ऐकू येणारे आवाज मराठी होते. गोळ्यांनी ते मंदावले. पुढे काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आई कुटुंबीयांच्या एका बैठकीला जाऊ लागली. बोलणं कन्नडमध्ये, तिला अर्धंच समजे. तरी ती जायची, कारण तिथे ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असं कुणी सांगत नसे. काही वर्षांनी भावाचं पुण्यातल्या एका शुभार्थीशी फोनवर बोलणं सुरू झालं. त्याचा पहिला प्रश्न होता, “गोळीची झोप सकाळी उतरत नाही, मग तू कामावर वेळेत कसा पोचतोस?” डॉक्टरांना त्याने हे कधी विचारलं नव्हतं. उत्तर साधं होतं. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांनाच विचार, आणि तोवर दुपारपाळीचं काम बघ. पण हे सांगणारा रोज सकाळी तीच लढाई लढत होता. म्हणून ते पटलं.

या जाणकारीला आता कायद्यातही जागा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने केंद्रीय आणि राज्य प्राधिकरणांवर मनाचा आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या लोकांचे प्रतिनिधी घ्यायला सांगितलं आहे. त्यांच्याबरोबर काळजीवाहकांचेही. १९१२च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’, म्हणजे वेड, हा शब्द होता. तिथून ही खुर्ची फार लांबची आहे.

मात्र खुर्ची म्हणजे नोकरी नव्हे. सावरलेल्या माणसाला आपण भाषणाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि घरी पाठवतो. वॉर्डात, बाह्यरुग्ण विभागात, जिल्हा रुग्णालयात पगारावर त्याला नेमायची वेळ आली की तो ‘स्वयंसेवक’ होतो. तो डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. त्याचा आजार उलटू शकतो. त्याला रजा लागेल, त्यालाही कुणी बोलायला लागेल. पण या सगळ्या कुठल्याही नोकरीतल्याच गरजा आहेत. प्यूसँ यांनी बऱ्या होत आलेल्यांना कामावर घेतलं, मुक्तांगणनेही घेतलं. आपल्या सरकारी इस्पितळांच्या पगारपत्रकावर शुभार्थी हे पद कधी येतं, ते पाहायचं.