एका लाल रंगासाठी युरोपने मिरची, हळद आणि तेल का अडवले?

१/
९ मे २००३. फ्रान्सने युरोपीय संघाच्या सूचनाजाळ्यावर एक तातडीचा संदेश पाठवला : भारतातून आलेल्या तिखटाच्या मालात ‘सुदान-१’ नावाचा रंग सापडला आहे. हा रंग खाण्याचा नव्हे. मेण, इंधनतेल आणि बुटांचे पॉलिश रंगवण्याचा. या एका संदेशापासून सुरू झालेली साखळी दोन वर्षांत मिरचीवरून हळदीपर्यंत आणि हळदीवरून पामतेलापर्यंत पोहोचली.

२/
सुदान-१ची कुळकथा दगडी कोळशाच्या डांबरापासून सुरू होते. या डांबरातून ॲनिलीन मिळते. १८५८ साली पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने डायझो संयुगांचा शोध लावला आणि कृत्रिम रंगांचे एक अफाट दालन उघडले. ॲनिलीनवर ती प्रक्रिया करून त्याचा बीटा-नॅफ्थॉलशी संयोग घडवला, की नारिंगी-लाल सुदान-१ तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतो. पुढच्या सगळ्या फसवणुकीचे मर्म या एका गुणात आहे.

३/
मिरचीचा भाव तिच्या तिखटपणाइतकाच तिच्या रंगावर ठरतो. ब्याडगीला मान मिळतो तो याच लालीमुळे. पण मिरचीतील नैसर्गिक रंगद्रव्ये उजेडाने आणि साठवणुकीने फिकी पडतात. वर्षभर गोदामात पडलेली पूड मातकट दिसू लागते आणि तिचा भाव उतरतो. अशा पुडीत तेलात विरघळणारा स्वस्त रंग मिसळला, की तो तिच्या अंगच्या तेलाशी एकजीव होतो. जुना माल पुन्हा ताजा भासतो आणि डोळ्यांना संशय येत नाही.

४/
ही लबाडी नवी नव्हती. १८२० मध्ये फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये अन्नभेसळीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिखटात शेंदूर, म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड, मिसळला जातो हे त्याने त्यात उघड केले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १९९४ मध्ये, हंगेरीत पाप्रिकाच्या पुडीत हेच शिसे सापडले, लोकांना विषबाधा झाली आणि सरकारला पाप्रिकाची विक्री थांबवावी लागली. रंग बदलत गेला, हेतू तोच राहिला.

५/
२००३ मध्ये मात्र युरोपच्या हाती एक नवे हत्यार होते. ‘मॅड काऊ’ रोगाने अन्नव्यवस्थेवरील लोकांचा विश्वास हादरल्यानंतर युरोपीय संघाने २००२ साली अन्नकायद्याची नवी चौकट उभारली (नियमन १७८/२००२). तिच्या कलम ५३ने युरोपीय आयोगाला एक महत्त्वाचा अधिकार दिला : आयात अन्नापासून गंभीर धोका संभवत असेल, तर आयोग तातडीने आयात रोखू शकतो किंवा तिच्यावर विशेष अटी लादू शकतो.

६/
या अधिकाराने २० जून २००३ रोजी निर्णय झाला (क्रमांक २००३/४६०). मिरचीच्या आयातीवर सरसकट बंदी आली नाही. अट अशी होती की दळलेल्या वा कुटलेल्या मिरचीच्या प्रत्येक खेपेसोबत, तीत सुदान-१ नाही असे दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल असला पाहिजे. अहवाल नसेल तर माल बंदरातच अडकेल. शिवाय अहवाल असलेल्या मालाचेही अधूनमधून नमुने घेतले जातील. रंग सापडला तर माल नष्ट केला जाईल.

७/
वरवर साध्या दिसणाऱ्या या अटीने व्यापाराचे एक जुने गृहीतक उलटवले. तोवर माल निर्दोष मानला जाई आणि दोष सिद्ध करण्याचे ओझे तपासनिसावर असे. आता निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे माल आणणाऱ्यावर आले. चाचणीचा, साठवणुकीचा आणि गरज पडल्यास माल नष्ट करण्याचाही खर्च त्याच्याच माथी पडला. मोठ्या निर्यातदाराला हा भार पेलता येत होता. थोडा माल पाठवणाऱ्यासाठी एकेक चाचणी नफा गिळणारी होती.

८/
भेसळ करणारेही स्वस्थ बसले नाहीत. सुदान-१वर नजर आहे म्हटल्यावर त्याची भावंडे पुड्यांत दिसू लागली. म्हणून जानेवारी २००४ मध्ये आयोगाने निर्णयाची व्याप्ती वाढवून सुदान-२, ३ आणि ४ यांचाही समावेश केला. प्रयोगशाळेला जे शोधायला सांगितले जाते तेच ती शोधते, हा धडा यातून मिळाला. यादीत नाव नसलेला रंग निर्दोष अहवाल घेऊन सुखरूप पार होतो.

९/
सर्वांत मोठा हादरा बसला तो फेब्रुवारी २००५ मध्ये, ब्रिटनला. तिथे बनलेल्या एका वूस्टर सॉसमध्ये सुदान-१ असल्याचे इटलीतील तपासणीत उघड झाले. हा सॉस नुसता बाटलीतून विकला जात नव्हता. तो इतर उत्पादकांच्या तयार जेवणांत, पाय आणि सूपमध्ये मसाला म्हणून मिसळला जात होता. १८ फेब्रुवारीला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ३५९ पदार्थांची यादी जाहीर केली. काही दिवसांतच ती चारशेच्या वर गेली.

१०/
आयातीवर बंधने असताना हे घडलेच कसे? कारण त्या सॉसमधील तिखट २००२ साली, म्हणजे निर्णयाच्या आदल्या वर्षी, ब्रिटनमध्ये पोहोचले होते. सीमेवरचा पहारा उद्या येणाऱ्या मालाला अडवतो. काल आत येऊन गोदामात, पिंपात आणि बाटलीत विसावलेल्या मालापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तिखटाची एक खेप सॉसमध्ये गेली, सॉस शेकडो पाककृतींत गेला आणि मूळ पुडीचा माग काढण्यासाठी एका देशाची सगळी दुकाने धुंडाळावी लागली.

११/
धोका किती होता? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुदान-१ला तिसऱ्या गटात ठेवले आहे : प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाचे पुरावे आहेत, पण माणसाबाबत वर्गीकरण करण्याइतके नाहीत. असा सॉस खाल्ल्याने होणारा धोका फार लहान आहे, असे ब्रिटिश संस्थेनेही सांगितले. तरीही माल परत घेतला गेला, कारण जनुकांना इजा करू शकणाऱ्या पदार्थासाठी अमुक मात्रेपर्यंत सुरक्षित अशी रेषा आखता येत नाही. शिवाय तो अन्नात असण्याचे कोणतेही समर्थन नव्हते.

१२/
२३ मे २००५ रोजी तिसरा निर्णय आला (क्रमांक २००५/४०२) आणि मिरचीच्या जोडीला हळद व पामतेल आले. पश्चिम आफ्रिकेच्या स्वयंपाकातले अशुद्धीकृत पामतेल मुळातच गडद लाल असते. ती लाली म्हणजे त्याच्या शुद्धतेची खूण मानली जाते. फिक्या तेलाला भाव नाही, म्हणून त्यात सुदान-४ मिसळला जाई. मिरचीसारखाच हा खेळ होता : ग्राहक ज्या खुणेवर विश्वास ठेवतो, नेमकी तीच खूण बनावट करायची.

१३/
तेलाच्या बाबतीत युरोपची एक जखम फार जुनी होती. स्पेनने आपल्या ऑलिव्ह तेलाच्या संरक्षणासाठी खाण्याच्या रेपसीड तेलाच्या आयातीवर निर्बंध घातले होते. कारखान्यांसाठी ते आणता येत असे, पण कोणी खाऊ नये म्हणून त्यात दोन टक्के ॲनिलीन मिसळलेले असे. काही व्यापाऱ्यांनी फ्रान्समधून असे तेल आणले, ॲनिलीन काढून टाकण्यासाठी ते पुन्हा शुद्ध केले आणि फेरीवाल्यांमार्फत, लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून, खाण्याचे तेल म्हणून विकले.

१४/
१ मे १९८१ रोजी माद्रिदजवळ एका मुलाचा मृत्यू झाला. डॉक्टरांना आधी हा न्यूमोनियाचाच एखादा वेगळा प्रकार वाटला. माद्रिदमधील बालरोगतज्ज्ञ हुआन ताबुएन्का यांच्या लक्षात आले की सहा महिन्यांखालची अर्भके या आजारातून सुटली आहेत. म्हणजे हवेतून पसरणारा हा रोग नव्हता. कारण पानात होते. चौकशीचा रोख सुट्या तेलाकडे वळला आणि १० जूनला सरकारने लोकांना सावध केले. तोवर उशीर झाला होता. २० हजारांहून अधिक लोक आजारी पडले, ३००हून अधिक दगावले आणि अनेकांना कायमचे अपंगत्व आले.

१५/
त्या तेलातील नेमका विषारी घटक कोणता, हे आजवर निर्विवाद सिद्ध झालेले नाही. पण घटनाक्रम बोलका आहे. ज्या ॲनिलीनपासून सुदान-१ बनतो, तेच ॲनिलीन इथे सरकारी नियमाने तेलात घातले गेले होते. आयात निर्बंधाचा उद्देश तिजोरी आणि शेतकरी सांभाळणे हा होता. खाणाऱ्याचे आरोग्य त्या हिशेबात नव्हते. पुढे १९९७ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने पीडितांच्या भरपाईची जबाबदारी राज्यसंस्थेवरही टाकली.

१६/
भारतानेही सुट्या तेलाची किंमत मोजली आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोतऱ्याच्या भेसळीमुळे जलशोथाची साथ पसरली आणि ६०हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल वेष्टन आदेश काढून तेल बंद वेष्टनातच विकण्याचा नियम केला. माद्रिदचा कॅन आणि दिल्लीचे सुटे तेल यांच्यातले साम्य सरळ आहे : दोन्हींवर कोणाचेही नाव नव्हते.

१७/
सुदान प्रकरणानंतर कोचीच्या मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीची चाचणी सक्तीची केली. पाठवणीआधी नमुना, अहवाल, मगच जहाज, असा क्रम रूढ झाला. रंग मिसळणारा हात दळणाऱ्याचा वा व्यापाऱ्याचा असला, तरी संशयाची झळ गुंटूरपासून ब्याडगीपर्यंतच्या मिरची उत्पादकाला लागली. दुसरीही एक विसंगती उरली. युरोपला जाणाऱ्या पुडीच्या प्रत्येक खेपेला अहवाल लागत होता. देशातल्या बाजारात जाणाऱ्या पुडीला तशी सक्ती नव्हती. सुदान रंग इथेही निषिद्धच होता, फरक होता तो तपासणीत.

१८/
तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था पुढे कायमची झाली. २००९ च्या नियमनाने (क्रमांक ६६९/२००९) २००५ चा निर्णय मागे घेतला आणि त्याच्या जागी एक हलती यादी आणली : कोणत्या देशाचा कोणता माल, कोणत्या दोषासाठी, शेकडा किती खेपांत तपासायचा. तिचा दर तिमाहीला आढावा घेतला जाई. वागणूक सुधारली की तपासणी कमी, बिघडली की जास्त. मग २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा रसायन नवे होते, पण प्रश्न २००३ चाच होता.

१९/
तिखटाच्या पुडीकडे पाहून तिच्यात काय आहे हे कोणालाही ओळखता येत नाही. पूर्वी ती गल्लीतल्या डंकावर डोळ्यांसमोर कुटली जाई, तेव्हा हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. शेत आणि ताट यांत समुद्र आला, तेव्हा डोळ्यांची जागा अहवालाने घेतली. पण अहवालावर विसंबण्याआधी त्यात काय शोधले होते, केव्हा शोधले होते आणि कोणाच्या हितासाठी शोधले होते, हे पाहावे लागते. स्पेनच्या तेलाने आणि ब्रिटनच्या सॉसने हे तीन प्रश्न फार महागात शिकवले.