उंबरठा कुणाचा?

स्वस्त परमुलखात टुमदार घर घ्यावे, सुट्टीत तिथे जाऊन राहावे, असे कुणाला वाटत नाही? मास्तरकी करून लेखणी झिजवणाऱ्या मलाही वाटते. पण ही हौस मनात आली, की मला सायप्रस आठवते.

१९५३ साली लॉरेन्स डरेल हा इंग्रज लेखक त्या बेटावर उतरला. बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते. बेल्लापाइस गावात, जुन्या मठाजवळ, त्याने घर विकत घेतले. घर ग्रीकाचे, दलाल तुर्क आणि गिऱ्हाईक इंग्रज! पोटासाठी तो निकोसियाच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागला. हा आमच्याच जातकुळीतला, म्हणून मला त्याचे अधिक कौतुक.

पण १९५५च्या एप्रिलात ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू झाला. पुढच्याच वर्षी डरेलने बेट सोडले. 'बिटर लेमन्स' या पुस्तकात त्या घराच्या आठवणी तेवढ्या उरल्या.

१९६० साली सायप्रस स्वतंत्र झाले. १९७४ साली तुर्की फौजा उतरल्या आणि बेट दुभंगले. उत्तरेतले ग्रीक दक्षिणेला गेले, दक्षिणेतले तुर्क उत्तरेला. मागे राहिलेल्या ग्रीकांच्या जमिनी पुढे परदेशी हौशींना विकल्या गेल्या. अशाच एका जमिनीवर एका इंग्रज जोडप्याने बंगला बांधला. मूळ मालक कोर्टात गेला. निकोसियाच्या कोर्टाने जमीन त्याला परत द्यायला सांगितले आणि २००९ साली युरोपीय न्यायालयाने ठरवले, की तो निकाल इंग्लंडनेही मानला पाहिजे.

खरेदीखत नीट वाचावे, हे खरेच. पण त्याआधी, उंबरठा कुणाच्या पायांनी झिजला आहे, तेही विचारावे.