पाच मृत्यूंचे ऋण

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम वस्तीत आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन ते घरी परतले आणि आठवड्याभरातच एका पहाटे त्यांना एकाएकी धाप लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि लागलीच सुजलेली पोटरीही दाबून पाहिली. छातीच्या दुखण्याचा पायाशी काय संबंध, असे घरच्या मंडळींना वाटले.

हा संबंध बर्लिनच्या रुडॉल्फ विरशो यांनी १८४० च्या दशकात उलगडला. पायाच्या शिरेत गोठलेल्या रक्ताची गाठ सुटते, हृदयावाटे फुप्फुसात जाते आणि तेथील रक्तवाहिनीत अडकते. कारण कळले, उपाय मात्र नव्हता. १९०८ साली लाइपझिगच्या ट्रेंडेलेनबुर्ग यांनी छाती उघडून गाठ काढण्याची शस्त्रक्रिया योजिली, परंतु त्यांच्या हातून एकही रुग्ण बरा झाला नाही. ते यश १९२४ मध्ये कोनिग्सबर्गच्या किर्शनर यांना लाभले.

दरम्यान, १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठविणारे द्रव्य शोधीत होता. कुत्र्याच्या यकृतात त्याला नेमके उलटे, रक्त गोठू न देणारे द्रव्य सापडले. तेच पुढे हेपॅरिन या नावाने प्रसिद्ध झाले. ते असलेली गाठ विरघळवीत नाही. ती वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. विरघळविण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते.

पण अशा औषधाने रक्तस्रावही होऊ शकतो. मग ते द्यावे की न द्यावे? १९६० साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी याचा निर्णय प्रयोगाने करविला. दैवयोगाने वाटणी करून १६ रुग्णांना औषध दिले, १९ जणांना दिले नाही. औषध न मिळालेल्यांपैकी ५ जण फुप्फुसातील गाठीने दगावले. औषध मिळालेल्यांपैकी त्या कारणाने एकही नाही. वाटणी तेथेच थांबवून पुढील सर्व रुग्णांना औषध देण्यात आले.

रुग्ण थोडे होते, आणि निदानही बव्हंशी लक्षणांवरूनच केलेले होते. असे दोष पुढे अनेकांनी दाखविले. तरी जगभरच्या उपचारांना दिशा मिळाली ती तेथूनच.

आमचे शेजारी इंजेक्शनांनी सावरले. आता रोज ठरल्या वेळी गोळी घेतात आणि सायंकाळी काठी टेकीत फिरावयास निघतात. त्यांना पाहिले की ब्रिस्टलच्या त्या पाच जणांची आठवण होते. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत; ऋण मात्र आहे.