धूर छातीत घ्यावा की तोंडातच ठेवावा? चिरुटाच्या एका शिष्टाचाराचा इतिहास

१/ चिरूट ओढू पाहणाऱ्या नवशिक्याला जाणकारांकडून पहिला धडा मिळतो तो असा : धूर छातीत घ्यायचा नाही. तो तोंडात घोळवायचा, त्याची चव घ्यायची आणि सोडून द्यायचा. वरवर हा निव्वळ शिष्टाचार वाटतो. परंतु त्याच्या मागे तंबाखूच्या पानाचे रसायन आहे, अमेरिकेतील गुलामगिरी आहे, संख्याशास्त्रातील एक गाजलेला वाद आहे आणि मुंबईतील परळच्या एका रुग्णालयातील संशोधनही आहे.

२/ आधी शब्दाविषयी. 'चिरूट' हा शब्द मूळचा दक्षिणेतला. तमिळमधील 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळणे, आणि गुंडाळलेली वस्तूही. पोर्तुगीजांनी त्याचे 'शारुतू' केले, इंग्रजांनी 'चेरूट'. त्रिचनापल्लीचे चिरूट ब्रिटनमध्ये इतके परिचित होते की, १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो केवळ राखेवरून ते ओळखतो.

३/ तंबाखू मात्र अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबसाने क्यूबाच्या अंतर्भागात पाठवलेल्या दोघा दूतांनी, रोद्रिगो दे हेरेस व लुईस दे तोर्रेस यांनी, तेथील लोकांना पेटवलेल्या पानांच्या गुंडाळ्या ओढताना पाहिले. बार्तोलोमे दे लास कासास यांनी केलेल्या वर्णनानुसार हे लोक धूर श्वासाबरोबर आत घेत असत. म्हणजे चिरुटाचा धूर छातीत घ्यायचा नाही हा दंडक सनातन नव्हे.

४/ मग तो रूढ कसा झाला? उत्तर पानात आहे. चिरुटासाठीची पाने तोडल्यावर हवेशीर कोठारांत अनेक आठवडे टांगून वाळवतात. त्यानंतर त्यांचे ढीग रचून ती आंबवतात. या प्रक्रियेत पानांतील साखर जवळजवळ नाहीशी होते. अशा पानाचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी धुरातील निकोटिन बऱ्याच अंशी मुक्त अवस्थेत राहते.

५/ मुक्त अवस्थेतील निकोटिन गालांच्या आतील अस्तरातून थेट रक्तात शिरते. त्यामुळे चिरूट ओढणाऱ्याला तलफ भागवण्यासाठी फुप्फुसांची गरजच पडत नाही. शिवाय हा धूर घशाला इतका झोंबतो की नवख्याने तो छातीत घेतला तर ठसका लागतो. शिष्टाचार पुढे सभ्य गृहस्थांच्या बैठकींत घडला. त्याचा पाया मात्र शरीराने आधीच घातला होता.

६/ आता १८३९. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅसवेल परगणा. अबायशा स्लेड या जमीनदाराच्या शेतावर स्टीफन नावाचा गुलाम तरुण तंबाखूच्या कोठारातील शेकोटीवर लक्ष ठेवत होता. प्रचलित हकीकत अशी की, त्याला झोप लागली आणि विस्तव विझत आला. घाबरून त्याने लोहाराच्या भट्टीजवळचा कोळसा आणून टाकला. अचानक वाढलेल्या कोरड्या उष्णतेने पाने तपकिरी न होता पिवळीधमक झाली.

७/ या पिवळ्या पानाला उत्तम भाव आला. पुढे कोठारांत धातूचे नळ बसवून, धुराचा स्पर्श होऊ न देता पाने तापवण्याची पद्धत स्थिरावली. स्लेड यांचे नाव झाले. स्टीफन यांचे आडनावसुद्धा इतिहासाने नीट जपलेले नाही. तंबाखूच्या इतिहासातील कदाचित सर्वांत दूरगामी बदल ज्याच्या हातून घडला, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने कोणाची तरी मालमत्ता होता.

८/ दूरगामी अशासाठी की, या झटपट वाळवणीत पानातील साखर टिकून राहते आणि त्यामुळे धूर आम्लधर्मी होतो. तो घशाला सौम्य लागतो. पण आम्लधर्मी धुरातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून फारसे शोषले जात नाही. त्यासाठी फुप्फुसांचा प्रचंड पृष्ठभाग लागतो. एका पानाचा धूर छातीत घेणे कठीण आणि अनावश्यक होते. दुसऱ्याचा घेणे सोपे आणि आवश्यक झाले.

९/ फुप्फुसांतून निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. सवय घट्ट होण्यास हा वेग पुरेसा होता. उणीव होती ती उत्पादनाची. १८८१ साली जेम्स बॉन्सॅक यांना सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. कुशल कारागीर दिवसाला सुमारे ३,००० सिगारेटी वळत असे. यंत्र सुमारे १,२०,००० वळू लागले. जेम्स ड्यूक यांनी ते यंत्र हाताशी धरून आपले साम्राज्य उभारले.

१०/ १९१२ साली आयझॅक ॲडलर यांनी फुप्फुसांच्या कर्करोगावर ग्रंथ लिहिला, तेव्हा हा अत्यंत दुर्मीळ रोगांपैकी एक आहे असे त्यांनी नमूद केले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटन आणि अमेरिकेत त्याचे प्रमाण झपाट्याने वाढले होते. मोटारींचा धूर, रस्त्यांवरील डांबर, कारखाने असे अनेक संशयित पुढे आले. सिगारेट हा त्यांतला एक.

११/ ३० सप्टेंबर १९५० रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फुप्फुसांचा कर्करोग झालेले ७०९ रुग्ण आणि इतर आजारांचे ७०९ रुग्ण यांची त्यांनी तुलना केली होती. निष्कर्ष स्पष्ट होता : जितके धूम्रपान अधिक, तितका धोका अधिक. परंतु याच निबंधात एक अडचणीचा आकडा होता.

१२/ प्रत्येक धूम्रपानकर्त्याला विचारले होते : तुम्ही धूर छातीत घेता का? कर्करोगाच्या रुग्णांपैकी ६१.६ टक्के 'हो' म्हणाले. इतर रुग्णांपैकी ६७.२ टक्के. म्हणजे धूर छातीत घेणारे कर्करोगाच्या गटात कमीच निघाले! धूर जर कारण असेल, तर चित्र उलट दिसायला हवे होते. लेखकांच्या प्रामाणिकपणाची खूण अशी की, गैरसोयीचा असूनही त्यांनी तो आकडा छापला.

१३/ हा आकडा हेरला रोनाल्ड फिशर यांनी. आधुनिक संख्याशास्त्राच्या शिल्पकारांत त्यांचे स्थान अग्रगण्य. प्रयोगांची रचना कशी करावी हे जगाने त्यांच्याकडून शिकले. महालनोबिस यांच्या कोलकात्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेशीही त्यांचा निकटचा संबंध होता. ते स्वतः पाइप ओढत. तंबाखू उत्पादकांच्या समितीचे ते सल्लागारही झाले.

१४/ १९५७ ते १९५९ या काळात फिशर यांनी हल्ला चढवला. सिगारेटमुळे कर्करोग होतो असे ज्यांना मानायचे असेल, त्यांनी धूर छातीत घेतल्याने संरक्षण मिळते हेही मानावे, असा त्यांचा उपरोध होता. डॉल व हिल यांनी १९५१ पासून ४०,००० हून अधिक ब्रिटिश डॉक्टरांची जी पाहणी आरंभली, तिच्या पहिल्या प्रश्नावलीत हा प्रश्न वगळला होता. त्यावरही त्यांनी बोट ठेवले.

१५/ फिशर यांचा पर्यायी तर्क असा : एखादी आनुवंशिक घडण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे तत्त्व निर्विवाद आहे, आणि म्हणूनच त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेता येणारा नव्हता. त्याला उत्तर देणे भागच होते.

१६/ उत्तर अनेक दिशांनी आले. धूर छातीत घेता का, हे माणूस स्वतःच सांगतो, आणि आपण किती खोल श्वास घेतो याची अनेकांना जाणीव नसते. फ्रान्समधील श्वार्ट्झ व देनुआ यांच्या पाहणीत चित्र डॉल-हिल यांच्या उलट दिसले होते. १९५९ साली जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी फिशर यांच्यासह सर्व आक्षेपांचा एकेक करून परामर्श घेतला.

१७/ त्याच वर्षी अमेरिकेत कायलर हॅमंड यांनी दहा लाखांहून अधिक लोकांची पाहणी सुरू केली. तीत धूर जितका खोल घेतला जाई, तितका मृत्युदर चढत गेलेला दिसला. फिशर १९६२ साली ॲडलेड येथे निवर्तले. शंका घेणे हा त्यांचा दोष नव्हता. एका विसंगत आकड्याला त्यांनी इतर सर्व पुराव्यांपेक्षा जड मानले, ही त्यांची चूक.

१८/ या वादाचा चिरुटावर विलक्षण परिणाम झाला. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सिगारेट दोषी ठरली. मात्र दिवसाला पाचहून कमी चिरूट ओढणाऱ्या पुरुषांचा एकूण मृत्युदर धूम्रपान न करणाऱ्यांच्या जवळपास असल्याचे त्यात नोंदले होते. लोकांनी यातून सोयीचा अर्थ काढला. त्या वर्षी अमेरिकेत चिरुटांचा खप वाढला.

१९/ येथे शिष्टाचाराची जागा सवयीने घेतली. आयुष्यभर सिगारेट ओढलेला माणूस चिरुटाकडे वळला, तरी त्याची छाती जुनी रीत विसरत नाही. १९७० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी अशा लोकांच्या रक्तातील कार्बन मोनॉक्साइड मोजला, तेव्हा ते चिरुटाचाही धूर आत घेत असल्याचे उघड झाले. एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, हे लक्षात घेतले की या अदलाबदलीचा अर्थ कळतो.

२०/ आणि ज्यांनी धूर खरोखरच तोंडात ठेवला, त्यांचे काय? अमेरिकेचे सेनापती व राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना १८६२ मधील फोर्ट डोनेलसनच्या विजयानंतर लोकांनी भेट म्हणून सुमारे १०,००० चिरूट पाठवले. १८८५ साली ते घशाच्या कर्करोगाने गेले. सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसपर्यंत चिरूट ओढत. १९२३ मध्ये त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसूनही त्यांनी चिरूट सोडला नाही.

२१/ दोन थोर माणसांच्या कहाण्या म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा रचला जात होता तो अन्यत्र, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यापुढे येणारे रुग्ण लंडनच्या रुग्णांहून वेगळे होते. येथे कर्करोगाचे मुख्य ठाणे तोंड आणि घसा हे होते.

२२/ १९४५ साली खानोलकर आणि सूर्याबाई यांनी वहिवाटी व कर्करोग यांच्या संबंधावर निबंध लिहून भारतातील तीन प्रकार मांडले. बिहारमध्ये चुना मिसळलेली खैनी खालच्या ओठात धरून ठेवतात, तर कर्करोग तेथेच होतो. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घट्ट काचते, तर त्या जागच्या त्वचेला. तिसरा प्रकार विशाखापट्टणमच्या बाजूचा, 'चुट्टा' या देशी चिरुटाचा.

२३/ त्या किनाऱ्यावर अनेकजण, विशेषतः स्त्रिया, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात. परिणामी, एरवी क्वचित आढळणारा टाळूचा कर्करोग तेथे वारंवार दिसे. सूत्र साधे होते : जेथे सवय मुक्काम करते, तेथे रोग उद्भवतो. खैनीत तर धूरच नाही, मग तो छातीत घेण्या-न घेण्याचा प्रश्न कोठला?

२४/ १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईतील रुग्णांच्या अभ्यासातून तंबाखू ओढणे व चघळणे या सवयींचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांशी असलेला संबंध मांडला. तो प्रसिद्ध झाला त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये. लंडन फुप्फुसांविषयी भांडत असताना मुंबई तोंडाविषयी सांगत होती. चिरुटाच्या प्रश्नाचे उत्तर या दोन्ही शहरांचे म्हणणे एकत्र वाचल्यावरच पुरे होते.

२५/ अमेरिकेत हे उत्तर अधिकृत व्हायला बराच काळ लागला. १९९० च्या दशकात चिरूट पुन्हा प्रतिष्ठेचे चिन्ह झाला. १९९८ साली तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने चिरुटावर स्वतंत्र ग्रंथ काढला : धूर छातीत न घेणाऱ्यांनाही तोंड, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. २००० साली सात मोठ्या कंपन्यांशी झालेल्या समझोत्यानुसार वेष्टनांवर इशारे आले. त्यांतल्या एकात हेच नोंदले आहे की, धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा व घशाचा कर्करोग होऊ शकतो.

२६/ भारताच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात सिगारेट, सिगार, चिरूट, बिडी, हुक्क्याची तंबाखू, चघळण्याची तंबाखू, तपकीर, गुटखा अशी नावे एकाच यादीत बसली आहेत. छातीत जाणारे आणि तोंडात राहणारे असा भेद ती यादी करत नाही. 'आम्ही धूर छातीत घेत नाही' हे वाक्य हुक्क्याच्या बैठकीत आजही ऐकू येते. ते उच्चारणारा माणूस धोका टळल्याचे सांगत नसतो. धोका शरीरात कोठे मुक्कामाला आहे, एवढेच सांगत असतो.

(थ्रेड समाप्त)