आधी शिक्षण की आधी जागा?

दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतोच, ‘सर, आधी शिकावे, मग नोकरी मागावी. राखीव जागा कशाला?’ मी त्याला २६ जुलै १९०२ चा करवीरचा जाहीरनामा सांगतो.

१८९४ साली शाहू छत्रपतींच्या हाती कारभार आला, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. शिक्षणासाठी खटपट झाली, तरी उच्च शिक्षण मागासलेल्यांत रुजेना. कारण जाहीरनाम्यातच आहे: शिकण्याचे फळ मूठभरांच्याच पदरात पडत होते. म्हणून रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. जिथे त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी, तिथे पुढली नेमणूक त्यांचीच. शिवाय दर तिमाहीस खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तपशील द्यायचा.

माझा बाप अंगठेबहाद्दर. वस्तीतला एक जण राखीव जागेवर तलाठी झाला, ते पाहून त्याने मला शाळेत घातले. शिकून काही हाती लागते, हे त्याला त्या तलाठ्याच्या सहीने पटले. म्हणजे माझ्या घरात जागा आधी आली, शिक्षण मागून.

मित्रहो, अनुशेषाची ओरड आपण करतो. पण तो तिमाही हिशेब आपल्यापैकी किती जण मागतात?