सरमेचा प्रश्न

आमच्या घरात सध्या एक चोर राहतो. वजन ३८ किलो, रंग पिवळसर, वय चार वर्षं. नाव शेरू, पण आमची सौ. त्याला बकासुर म्हणते. मुलानं पुण्यात हौसेनं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. ते फ्लॅटमध्ये मावेना, तेव्हा "बाबा, चिखलीला अंगण मोठं आहे" असं म्हणून आणून सोडलं. नातवंडं सुट्टीत येतात आणि लाड करून जातात. चोऱ्या आमच्या वाट्याला!

आजवरची कामगिरी सांगतो. पोळ्याच्या सात पुरणपोळ्या, लोण्याचा एक गोळा, गच्चीवर वाळत घातलेले निम्मे पापड, आणि शेजारच्या आजींच्या हातातला बिस्किटाचा पुडा. पुढचे पाय ओट्यावर टेकले की तोंड थेट डब्यापाशी. चोरी झाली की कॉटखाली जाऊन बसतो, शेपूट मात्र बाहेर राहतं.

गेल्या संकष्टीला मोदकांचं ताट ओट्यावर रिकामं दिसलं. मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि त्याच्या पाठीत दोन रट्टे घातले. एवढ्यात आतून आवाज आला, "अहो, मोदक मी फ्रीजमध्ये ठेवलेत!" शेरू तिथंच उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी तो कॉटखाली गेला नाही. मला सरमा आठवली.

सरमा म्हणजे देवांची कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिचं आणि पणींचं एक संवादसूक्त आहे. पणींनी लपवलेल्या गाई शोधायला इंद्रानं तिला पाठवलं होतं. महाभारतात ती पुन्हा भेटते, आणि तीही अगदी सुरुवातीला, आदिपर्वात. जनमेजय राजा आपल्या भावांसह कुरुक्षेत्रात यज्ञ करत बसलेला असतो. तिथं सरमेचं पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही अपराध केला असशील? ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, त्याला जीभही लावली नाही. सरमा थेट यज्ञमंडपात येऊन राजाला विचारते, याचा अपराध नसताना याला का मारलंत? कुणीच उत्तर देत नाही. मग ती शाप देते की ध्यानीमनी नसलेलं संकट तुमच्यावर येईल. राजा घाबरतो आणि शापातून सोडवणारा पुरोहित शोधायला निघतो. त्या पिल्लाची क्षमा मात्र मागत नाही.

मंडळी, महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर जाणारा कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. सुरुवातीचा हा मार खाल्लेला कुत्रा फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

कुत्रा आणि अन्नाची चोरी यांची सांगड आपल्याकडे फार जुनी. मनुस्मृती म्हणते की राजानं दंड चालवला नाही तर कावळा पुरोडाश खाईल आणि कुत्रा हवि चाटेल. म्हणजे अराजकाची खूण कोणती, तर कुत्र्यानं अन्नाला तोंड लावणं. पण त्याच ग्रंथात असंही सांगितलंय की गृहस्थानं वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठी, कावळ्यासाठी, किडामुंगीसाठी अन्न काढून जमिनीवर ठेवावं. दोन्ही वचनं एकत्र वाचली म्हणजे उलगडा होतो. कुत्र्याचा वाटा ठरलेला आहे, तो आधी द्या, आणि मग चोरीची गोष्ट काढा.

आमच्या आईला मनू ठाऊक नव्हता. भाकरी झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची ती एक लहानशी चानकी थापायची. ती कुत्र्याची. कुत्रा कुणाच्या मालकीचा नसे, गल्लीचा असे. ठरल्या वेळी दारात येऊन बसायचा, चानकी घ्यायचा आणि जायचा. त्या काळी घराला कवाडं उघडी असत, पण कुत्र्यानं चुलीपाशी तोंड घातल्याचं मला आठवत नाही.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण सगळे लहानपणीच ऐकतो. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. कीर्तनकार ती भूतदया म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. नामदेवांनी त्याला चोर म्हटलंच नाही. पानावर आलेला पाहुणा घाईनं उठून गेला, एवढंच जणू मानलं.

शहरात हा वाटा तुटत गेला. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. मारलेल्या कुत्र्यामागे इनाम असल्यानं घराजवळची पाळीव कुत्रीही त्यात सापडू लागली. पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली, इतर समाजही त्यांना मिळाले, दुकानं बंद पडली, शेवटी लष्कर आणावं लागलं. अलीकडे, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भटक्या कुत्र्यांना नेमून दिलेल्या जागीच खायला घालावं. आईची चानकी अशी कोर्टापर्यंत गेली!

राहता राहिला आमचा बकासुर. त्याच्या जातीबद्दल केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. लॅब्रॅडॉर कुत्र्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. शेरूत तो दोष आहे की नाही, देव जाणे. पण ज्याला भूक जास्त, त्याच्यावर संशय आधी, हे मात्र मी पूर्वीही एकदा केलंय. तेच आज लिहायचं होतं.

१९७२ चा दुष्काळ. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात माझी नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते. घरोघरी मिलो ज्वारी, कामावर सुकडी. एका मुलाची फडक्यात बांधलेली भाकरी वर्गातून नाहीशी झाली. संशय कुणावर घ्यायचा? जो रोज काहीच आणत नसे त्याच्यावर. त्यानं "म्या नाही घेतली गुरुजी" एवढंच म्हटलं. मी छडीनं त्याचे दोन्ही हात सुजवले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. तलावाच्या कामावर निघालेली, काखेत घमेलं. दारातूनच म्हणाली, "गुरुजी, ह्यानं खाल्ली म्हन्ता, तं कोनं पाह्यलं?" मी काही बोललो नाही. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

तीन-चार दिवसांनी शाळेच्या मागच्या पडवीत एक व्यालेली कुत्री दिसली, नुसता हाडांचा सापळा. पिल्लांच्या खाली अंथरल्यासारखं तेच फडकं होतं. मी ते उचललं नाही. वर्गात काही सांगितलं नाही. त्या मुलाच्या घरीही गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ असं चाललं होतं, तेवढ्यात ते कुटुंब जगायला म्हणून गाव सोडून गेलं. कुठं गेलं ते कुणाला सांगता आलं नाही.

पुढे छत्तीस वर्षं शिकवलं. महाभारतातल्या कितीतरी गोष्टी वर्गात रंगवून सांगितल्या. सरमेची गोष्ट एकदाही सांगितली नाही. नातवंडांनी कधी वाचावी म्हणून इथं लिहून ठेवतोय.

त्या संकष्टीपासून सौ. स्वयंपाक उरकला की शेरूची एक चानकी वेगळी काढते. तो ती शहाण्यासारखी अंगणात बसून खातो. काल त्यानंतर त्यानं श्रीखंडाचा डबा पळवला. यावेळी मी स्वतः पाहिलं. हातात गुंडाळी होती, ती खाली ठेवली आणि फडकं घेऊन फरशी पुसायला लागलो.