सायप्रसवरील कॅंकर रोग व त्यास कारणीभूत कवकांची ओळख

सायप्रसवरील कॅंकर हा क्युप्रेसेसी कुलातील वृक्षांच्या खोडास व फांद्यांस होणारा कवकजन्य रोग आहे. सिरिडियम या वंशातील अनेक जातींमुळे तो होतो. त्यांपैकी सिरिडियम कार्डिनाले ही जाती भूमध्य सागरी प्रदेशात सर्वाधिक विध्वंसक ठरली आहे. रोगाची बाह्य लक्षणे बरीचशी सारखी असली तरी कारक कवकांची आक्रमकता व भौगोलिक प्रसार भिन्न असतो. त्यामुळे रोगप्रतिकारक झाडांची निवड आणि रोपांच्या आयात-निर्यातीवरील नियंत्रण यांसाठी कवकाची जातीपर्यंत अचूक ओळख आवश्यक असते. कोकणच्या किनाऱ्यावर लावला जाणारा व सुरू या नावाने ओळखला जाणारा कॅझुरिना हा सपुष्प वृक्ष असून त्याचा सायप्रसशी जवळचा संबंध नाही.

इतिहास

कॅलिफोर्नियात मॉन्टेरी सायप्रस या वृक्षांवर पडलेल्या या रोगाची नोंद विलिस वॅगनर यांनी १९२८ मध्ये केली. १९३९ मध्ये त्यांनी कारक कवकाचे वर्णन करून त्यास कोरिनियम कार्डिनाले हे नाव दिले. १९७२ मध्ये ही जाती सिरिडियम वंशात समाविष्ट करण्यात आली. दरम्यान हा रोग न्यूझीलंड, फ्रान्स व इटली या देशांत पोहोचला होता. इटलीतील टस्कनी प्रांतात सायप्रस हा भूदृश्याचा अविभाज्य भाग असल्याने तेथील हानी विशेष जाणवली. केनियात मॉन्टेरी सायप्रसच्या लागवडीचे मोठे नुकसान झाले. तेथील कवक सुरुवातीस मोनोकीशिया युनिकॉर्निस मानले गेले. पुढे ते सिरिडियम क्युप्रेसी या वेगळ्या जातीचे असल्याचे मान्य झाले.

लक्षणे

सालीवरील भेगा, गारांचा मार, थंडीमुळे झालेली इजा, छाटणी अथवा कीटकांनी केलेल्या जखमा यांतून बीजाणू आत शिरतात. प्रादुर्भाव झालेली साल लालसर तपकिरी होऊन खचते व तिच्यातून राळ पाझरते. फांदीला पूर्ण वेढा पडल्यावर तिच्यापुढील पर्णसंभार पिवळा व नंतर तांबूस होऊन वाळतो. हिरव्या झाडात उठून दिसणारी अशी एखादी वाळलेली फांदी हे रोगाचे ठळक चिन्ह आहे. मुख्य खोडाला वेढा पडल्यास त्यावरील सर्व भाग मरतो. मृत सालीवर बीजाणू निर्माण करणारे काळे, बारीक फोड उमटतात. पावसाच्या थेंबांनी व कीटकांमार्फत बीजाणू पसरतात.

सूक्ष्मदर्शकीय ओळख

सिरिडियमचे बीजाणू तर्कूच्या आकाराचे असून पाच पटलांमुळे त्यांच्या सहा पेशी होतात. मधल्या चार पेशी तपकिरी, तर दोन्ही टोकांच्या पेशी रंगहीन असतात. पारंपरिक वर्गीकरणात टोकांवरील तंतुसदृश उपांगांना महत्त्व दिले जाते:

• सिरिडियम कार्डिनाले : उपांगे नसतात किंवा अत्यंत आखूड असतात.
• सिरिडियम युनिकॉर्ने : टोकाचे उपांग बीजाणूच्या अक्षाशी तिरपे असते.
• सिरिडियम क्युप्रेसी : उपांगे तुलनेने लांब व साधारणपणे अक्षाच्या दिशेत असतात.

पेस्टॅलोशिऑप्सिस फ्युनेरिया हे कवकही वाळलेल्या सायप्रसवर वारंवार आढळते. त्याच्या बीजाणूंना पाच पेशी व वरच्या टोकास एकाहून अधिक उपांगे असतात. ते बहुधा दुर्बल झाडांवर किंवा आधीच्या जखमांवर वाढत असल्याने केवळ त्याच्या उपस्थितीवरून त्यास मूळ कारण ठरवता येत नाही. डिप्लोडिया वंशातील काही कवकेही सायप्रसवर कॅंकर निर्माण करतात.

प्रयोगशाळेतील पद्धती

नमुना मृत सालीच्या मध्यभागातून न घेता जिवंत व मृत ऊतकांच्या सीमेवरून घेतला जातो. कारण जुन्या मृत भागात दुय्यम कवकांची दाटी असते. तुकड्यांचे पृष्ठभाग निर्जंतुक करून ते बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर सुमारे २५° से. तापमानास वाढवतात. शुद्ध संवर्धन निरोगी रोपाच्या जखमेत घालून तीच लक्षणे उमटतात का आणि तेच कवक पुन्हा मिळते का, हे तपासल्यावरच रोगकारकता सिद्ध मानली जाते.

उपांगांची लांबी व कोन यांत एकाच जातीतही फरक आढळत असल्याने निव्वळ आकारावरून केलेली ओळख वादग्रस्त राहिली. २००१ मध्ये बीटा-ट्युब्युलिन व हिस्टोन जनुकांच्या क्रमांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१८ मधील अनेक जनुकांच्या एकत्रित अभ्यासात पूर्वी एकाच नावाखाली गणली गेलेली काही कवके वेगळी ठरली आणि सिरिडियम नीओक्युप्रेसी, सिरिडियम कॅन्क्रिनम, सिरिडियम केनियानम यांसारख्या नव्या जातींचे वर्णन झाले. परिणामी जुन्या नोंदींतील जातींची नावे नमुन्यांच्या पुनर्तपासणीशिवाय ग्राह्य धरता येत नाहीत.

नियंत्रण

रोगग्रस्त भाग कॅंकरच्या बराच खाली छाटून नष्ट करणे आणि छाटणीची हत्यारे निर्जंतुक करणे हे मुख्य उपाय आहेत. खोडात खोलवर पसरलेला रोग कवकनाशकांनी बरा होत नाही. इटलीत निवड व चाचण्यांद्वारे ‘बोल्गेरी’ व ‘अ‍ॅग्रीमेड १’ यांसारखे सिरिडियम कार्डिनालेला प्रतिकारक असलेले कृंतक विकसित करण्यात आले आहेत. एका जातीविरुद्ध तपासलेला प्रतिकार दुसऱ्या जातीविरुद्ध टिकेलच असे गृहीत धरता येत नसल्याने लागवडीपूर्वी त्या प्रदेशातील कारक जातीची खात्री करणे आवश्यक असते.